शनिवारचा चहा

जानेफळच्या अलीकडच्या त्या गावात लेकरं सोडली तर ख्रिस्ती माणसं मोजून एक्केचाळीस, आणि त्यांच्या मंडळीत एक जुनी रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन व्हायचं. त्याच्या आदल्या शनिवारी, ज्याच्या मनात दुसऱ्याविषयी काही साचलं असेल, त्यानं उठून त्याच्या घरी चहाला जायचं. बोलायचं ते बोलून घ्यायचं. मिटलं तर उत्तम, नाही मिटलं तरी समोरासमोर बसून कप रिकामा करायचा. रविवारी भाकरीचं तबक फिरायच्या आधी पाळकबाबा समोर उभे राहून एवढंच विचारायचे, "चहा झाले का सगळ्यांचे?" ज्याचा राहिला असेल, तो तबक आपल्यापाशी आलं की काही न घेता पुढं सरकवायचा. त्याला कोणी काही म्हणत नसे. पण एक्केचाळीस माणसांत कोणी तबक सरकवलं हे झाकून थोडंच राहतं?

उत्तमराव गुरुजी गेली बावीस वर्षं मंडळीचे सचिव होते आणि तबक त्यांच्याच हातून फिरायचं. एवढ्या वर्षांत त्यांच्या घरातल्या कोणी ते सरकवलं नव्हतं. त्या रविवारी त्यांच्या सुनेनं सरकवलं.

समता तिसऱ्या ओळीत सतरंजीवर बसली होती, मांडीवर सात महिन्यांची लेक. गुरुजींना आधी वाटलं, पोरीमुळं तिचा हात मोकळा नाही. म्हणून ते जरा वाकले आणि तबक तिच्या बोटांपाशी नेलं. तबकातली पोळी तिनंच लाटलेली. मागून पेल्यांमधून येणार होता तो मनुकांचा रसही तिनंच काल उकळून, पंच्यातून गाळून ठेवला होता. तिनं वर पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, पाणी होतं. दोन बोटांनी तिनं तबकाची कड हलकेच शेजारच्या विमलबाईंकडं ढकलली. म्हाताऱ्या विमलबाईंचा हात तुकडा उचलायला पुढं आलेला, तो तसाच हवेत थांबला.

गुरुजी पुढच्या ओळीकडं वळले.

कारण काय असेल ते त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. कारण त्यांनीच आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिलं होतं.

गावाबाहेर नाल्याच्या काठावर मंडळीची दफनभूमी होती. तिला ना कुंपण, ना फाटक. ट्रॅक्टरवाले येऊन तिथला मुरूम उकरून न्यायचे. तक्रारी झाल्या, पंचनामा झाला, चार दिवस थांबलं की पुन्हा सुरू. गुरुजींच्या बायकोला, सिंधूताईंना तिथं ठेवून चार वर्षं झाली होती. गुरुजी दर रविवारी संध्याकाळी तिथं जात आणि खड्ड्याच्या काठापासून तिच्या कबरीपर्यंत पावलं टाकून बघत. दिवाळीला अकरा होती. आता सात उरली होती.

आणि आता जिल्हा परिषदेची निवडणूक आली होती. भगवंतराव उभे होते. ते घरी आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गुरुजी, निवडून आलो का पहिलं काम तुमच्या कबरस्थानाची भित. पण मले एक कागद पाह्यजे. समाजाचा पाठिंबा, सगळ्यांच्या नावानिशी. पत्रकात छापतो."

भगवंतराव गुरुजींना परके नव्हते. सिंधूताईंचं दुखणं वाढलं तेव्हा रात्र म्हटली नाही, दिवस म्हटला नाही, त्यांनी आपली जीप तीनदा बुलढाण्याला पाठवली होती, आणि डिझेलचं नावही काढू दिलं नव्हतं. अशा माणसाला कागद द्यायला विचार कसला करायचा? पाळकबाबा तेवढे म्हणाले होते, "गुरुजी, मी याच्यात पडत नाही. तुम्ही बघा." गुरुजींनी बघितलं. गुरुवारी दुपारी मंडळीचं रजिस्टर उघडलं, पट्टी ठेवली आणि एकाखाली एक एक्केचाळीस नावं उतरवून काढली. खाली मंडळीचा शिक्का मारला. प्रभूच्या मेजाभोवती जे एकत्र बसतात ते या कामातही एकच असणार, असं ते धरून चालले. तसं धरून चाललोय हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

उपासना सुटल्यावर घरी जेवणं झाली. कोणी तबकाचा विषय काढला नाही. मुलगा प्रेमानंद मेहकरच्या एसटी डेपोत होता, रविवारची सुट्टी, त्यानं दोघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि ताट उचलता उचलता म्हणाला, "मी दोघायचंबी ऐकतो, म्हणून मले कोणीच काही विचारत नाही." कोणी हसलं नाही, तेव्हा तो पोरीला खांद्यावर टाकून अंगणात गेला.

समता स्वतःच गुरुजींच्या खाटेपाशी येऊन खाली बसली.

"बाबा, मले तुमच्यावर राग नाही."

"मंग तबक काऊन सरकवलं? लोकायसमोर?"

"राग नाही, पण मनात होतं ना. अन् चहाले वेळ कुठी होता? सकाळी चर्चच्या पायरीवर विमलमावशीनं सांगतलं, का तुहंबी नाव हाय कागदावर. तिले भगवंतरावच्या माणसायनं सांगतलं होतं. मले माहीतच नव्हतं. मनात ठिवून घेतलं असतं तं ते खोटं झालं असतं."

गुरुजी उठून बसले. "त्या कागदात वाईट काय हाय, ते तं सांग. भित व्हावी असं तुले वाटत नाही? तुही सासू हाय तिथं."

"मले वाटते. माह्यापरीनं मीबी पाह्यतो ना तो खड्डा. पण कागदावर भितीचं नाही लिवेल बाबा. आमी सगळे भगवंतरावले मत देणार, असं लिवेल हाय. मी नाही देणार त्यायले."

"काऊन पण? काय वाईट केलं त्या माणसानं तुहं?"

"माह्या मामाच्या गावात त्यायचे कार्यकर्ते पोरं आले होते, मागच्या उन्हाळ्यात. घरोघर. कोण कोन्या देवाले जाते, कोण आधी काय होतं अन् मंग काय झालं, वहीत लिवून नेलं. माही मावशी प्रार्थनेले जाते. तिले विचारलं, तुले काय देल्लं? ती दोन महिने घराबाहेर नाही निघाली, बाबा. तिले कोणी काय देणार? ती मरणाची आजारी होती, तिले बरं वाटलं, ती जाते."

"ते पोरायनं केलं. भगवंतरावनं मले सोता सांगतलं का, मले माहीत नव्हतं म्हणून."

"असंन. तुम्हाले ते पटलं. मले नाही पटलं."

"अवं, आपण मूठभर माणसं. कोणा एकाच्या सावलीत उभं राहाच लागते. नाही तं ऊन कोणाले सोडते?"

"तुमचं चुकते असं मी म्हणतच नाही." तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. "तुम्ही त्यायच्या जीपीत आईले घिऊन गेले होते. तुमच्या जागी मी असती तं त्यायलेच मत देल्लं असतं. पण मी तुमच्या जागी नाही ना बाबा. मी माह्या मावशीच्या दारात उभी हाव."

"अन् घरच्या माणसाचं नाव लिवाले घरच्या माणसाले विचारा लागते?"

हे गुरुजी जरा जोरात बोलले. तेवढ्यात अंगणात पोर रडली आणि समता उठून गेली. तिच्या पदराला दुधाचा आणि उकळलेल्या मनुकांचा मिळून एक वास होता, तो खाटेपाशी थोडा वेळ राहिला.

प्रभुभोजन झालं की त्याच दुपारी गुरुजी रजिस्टर भरत. नाव, बाप्तिस्म्याची तारीख, शेरा, आणि पुढं बारा महिन्यांचे बारा चौकोन. ज्यानं भाकर घेतली त्याच्या चौकोनात बरोबरची खूण, ज्यानं घेतली नाही त्याचा चौकोन कोरा. शाळामास्तरीच्या चाळीस वर्षांची सवय; ओळ चुकू नये म्हणून स्टीलची पट्टी एकेका नावाखाली सरकवत ते खुणा करत गेले. अडतिसाव्या ओळीवर पट्टी थांबली. इथं खूण करायची नव्हती. म्हणून हात मोकळा होता, आणि हात मोकळा म्हणून डोळे ओळभर फिरले. गुरुवारी फक्त पहिला रकाना पाहिला होता. आज त्यांनी सगळी ओळ वाचली.

शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात होतं: "स्वतःच्या मनाने. एक वर्ष थांबून. कोणाच्याही सांगण्यावरून नाही."

बाकी चाळीस नावांपुढं शेऱ्यात कुठं "आईबापासोबत", कुठं नुसती रेघ. एवढा लांब शेरा त्यांनी एकाच नावापुढं लिहिला होता.

उंद्रीचे पंजाबराव, समताचे वडील, तेव्हा ह्याच ओट्यावर येऊन बसले होते. बौद्ध घर, शिकलेलं, ताठ मानेचं. म्हणाले होते, "गुरुजी, पोरगी म्हणते का मले तुमच्या पोरासंगं लग्न करा लागते, अन् तुमच्या देवाकडंबी या लागते. तिच्या मनाचं असंन तं मी आडवा येत नाही. मी तिले शिकवलं ते याच्यासाठीच, का तिचं तिनं ठरवावं. पण एकासाठी दुसरं असंन, तं मले ते खपणार नाही. माह्या पोरीचं मन कोणाच्या आहेरात जाणार नाही."

त्यावर गुरुजींनीच तोडगा काढला होता. वर्षभर दोन्ही थांबवू. लग्नही आणि बाप्तिस्माही. वर्षानं पोरीला विचारू. ती बाप्तिस्म्याला नाही म्हणाली तरी लग्न लावू, कोर्टात लावू. पण तिच्या तोंडातला शब्द तिचाच पाहिजे.

तेव्हा सिंधूताई अंथरुणाला खिळलेल्या. त्या म्हणाल्या, "मले पोराचं लग्न पाहू द्या हो. वर्ष कोणी पाह्यलं?" गुरुजी म्हणाले, नाही. सिंधूताई तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी शनिवार होता. त्यांनी प्रेमानंदला चहा ठेवायला सांगितला आणि गुरुजींना खाटेपाशी बोलावलं. "बसा. रविवारच्या आत तुमच्यासंगं चहा प्या लागते मले. पटलं नाही मले तुमचं. आताबी पटत नाही. पण प्या." त्यांना कप धरवत नव्हता. गुरुजींनी बशीत ओतून, फुंकून, त्यांच्या ओठांना लावला.

थांबायच्या त्या वर्षातल्या दहाव्या महिन्यात सिंधूताई गेल्या. लग्न पाहिलं नाही. वर्ष पुरं झाल्यावर गुरुजींनी सगळ्या मंडळीसमोर समताला तीनदा विचारलं होतं, आणि तिसऱ्यांदाही तिनं हो म्हटल्यावर घरी येऊन तो शेरा लिहिला होता.

ज्या पोरीच्या एका होकारासाठी त्यांनी बायकोची शेवटची इच्छा मागं ठेवली होती, तिचं नाव त्यांनी गुरुवारी न विचारता लिहून टाकलं होतं. तेही त्याच बायकोच्या कबरीसाठी.

गुरुजींनी पट्टी उचलली. मग पहिल्या ओळीपासून पुन्हा खाली आले. विमलबाई. पुष्पांजली. गोकुळ. यातल्या एकालाही त्यांनी विचारलं नव्हतं.

पत्रक सोमवारी दुपारी मेहकरला छापायला जाणार होतं. गुरुजी सकाळीच निघाले. भगवंतरावांचं कार्यालय त्यांच्याच सोयाबीनच्या गोदामात होतं. पोत्यांच्या थप्पीला टेकून झेंडे ठेवलेले, मध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या. भगवंतराव लगबगीनं उठले.

"या गुरुजी! अरे कारभारी, गुरुजीले खुर्ची दे. चहा सांग."

"चहा नको. भगवंतराव, तो कागद मले वापस पाह्यजे."

कारभारी, त्यांचा कार्यकर्ता, फाईल चाळता चाळता थांबला. भगवंतरावांनी हसू तसंच ठेवलं. "काऊन? काही चुकलं का लिवतानी?"

"हाव. चुकलं. माह्या सुनंले तुम्हाले मत द्यायचं नाही, अन् मी तिचं नाव लिवलं."

कारभारी म्हणाला, "त्याच्यात काय गुरुजी, व्हाइटनर लावतो. एक गेलं तं चाळीस राह्यतात."

हे गुरुजींच्याही मनात रात्रभर येऊन गेलं होतं. एक नाव. समताचं मन राखलं जाईल, भिंतही होईल. सात पावलं सातच राहतील. हात पुढं केला असता तर काम तिथंच मिटलं असतं.

"नाही," ते म्हणाले. "त्या चाळीसातलं माहं एकच खरं हाय. बाकीच्यायले मी विचारलंच नाही. तिनं सांगतलं म्हणून मले तिचं कळलं. जे सांगत नाहीत त्यायचं मले काय माहीत?"

"गुरुजी," भगवंतराव खाली बसले, "मी तुमच्यासाठी काही कमी केलं का?"

"नाही केलं. माही बायको तुमच्या जीपीत तीनदा गेली, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. माहं मत तुमचंच हाय, ते आताबी सांगतो. पाह्यजे तं माह्या एकट्याच्या सहीचं पत्र इथीच बसून लिवून देतो."

भगवंतरावांना खरंच हसू आलं. "एका सहीचं पत्रक छापून मी काय करू गुरुजी? लोक म्हणतील, एक्केचाळीसातून एकच निघाला."

गुरुजीही हसले, पण थोडंच. "अन् एक गोष्ट. तुमचे पोरं जे वह्या घिऊन फिरतात, कोण कोन्या देवाचा ते लिवत, ते बंद करा. मी तुम्हाले मत देणार हाव, म्हणून सांगतो. न देणाऱ्याचं तुम्ही ऐकणार नाही."

भगवंतरावांनी हातातला मोबाईल उलटासुलटा केला. मग कारभारीकडं न बघता म्हणाले, "दे कागद." आणि गुरुजी दारापर्यंत गेल्यावर मागून, टोमणा न मारता, "भितीचं मंग कसं करता?"

"अर्ज करू. ग्रामपंचायतीत करू, तहसीलला करू."

"अर्जानं होते का गुरुजी?"

"नाही होत," गुरुजी म्हणाले. "पण करू."

गावात शिरताना विमलबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. गुरुजींनी थांबून सगळं सांगितलं. निदान आता तरी सांगायला हवं होतं. विमलबाईंनी सूप खाली ठेवलं.

"माहं नाव काऊन काढलं पण? मी तं त्यालेच देणार हाव!"

"मंग तू तुह्या तोंडानं सांग त्याले."

"सांगीन ना. भेतो का मी?" त्यांनी सूप पुन्हा उचललं आणि दोन झटके मारले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पोरीनं तबक सरकवलं तवा मले लय वाईट वाटलं, गुरुजी. माह्यामुळंच तिले कळलं ना. कबरस्थानाभवती बाभळीचे काटे टाकू, मी येतो. तुमची सून अन् मी संगं काटे ओढू. मत तिचं तिच्यापाशी, माहं माह्यापाशी."

घरी पोर झोपली होती. समता पाळण्याची दोरी हातात धरून तिथंच भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. आईला मिळते तेवढी झोप. गुरुजींनी तिला हाक मारली नाही. ते स्वयंपाकघरात गेले. गॅस पेटवायला तीन काड्या गेल्या. साखर कुठल्या डब्यात आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या डब्यात मीठ, दुसऱ्यात रवा. चहाची पत्ती जास्त पडली. दूध उतू गेलं आणि बर्नर विझला, तो पुन्हा लावला. ह्या घरात आयुष्य काढून त्यांनी आजवर एकदाही चहा केला नव्हता.

भांड्यांच्या आवाजानं समता उठून दारात आली. "बाबा? काय करून राह्यले तुम्ही? मी ठिवतो ना."

"तू बस."

"पण..."

"बस, म्हटलं ना बेटा."

ती बसली. गुरुजींनी दोन कप आणले. थोडा चहा बशीत सांडला. कागद त्यांनी आधी तिच्यासमोर ठेवला, घडी केलेला, मंडळीच्या शिक्क्याची जांभळी कड बाहेर दिसणारा. तिनं तो उघडला नाही.

"शनिवारी राह्यला होता," गुरुजी म्हणाले. "मीच यायले पाह्यजे होतं तुह्याकडं. तुही चूक नव्हती."

समतानं कप उचलला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला.

"मले तुहं पटलं असं नाही," ते पुढं म्हणाले. "मी भगवंतरावलेच देणार हाव."

"मले माहीत हाय बाबा."

"अन् तू कोणाले..." गुरुजी बोलता बोलता थांबले. तिनं वर पाहिलं. त्यांनी वाक्य तसंच सोडलं आणि चहाचा घोट घेतला. त्यांचं तोंड वाकडं झालं.

"साखर?" तिनं विचारलं.

"नाही सापडली."

समताला हसू आलं आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरले. ती साखरेचा डबा आणायला उठली नाही. बिनसाखरेचा, कडू झालेला तो चहा ती घोट घोट पीत राहिली.

नाल्याच्या अंगानं ट्रॅक्टरचा आवाज आला. दोघांनीही कप हातात धरून कान दिले. आवाज थोडा वेळ एकाच जागी घुमला, मग रस्त्याला लागला.

"उद्या काटे टाकू," गुरुजी म्हणाले. "विमलबाई येतो म्हणते."

"मीबी येतो. पोरीले घिऊन येतो."

गुरुजींनी मान हलवली. मग दोघांनी कप रिकामे केले, तळाशी पत्ती राहीपर्यंत.